चार ठिकाणी छापून आलेली तारीख

भांडुपच्या सुगंधा परब यांना गावच्या जत्रेची तारीख विचारायला वर्षभर फोन येत. कुणाची पूजा, कुणाची ओटी, सगळं त्यांच्या तोंडी असे. त्या दिवशी दुपारी मात्र शेजारची रेवती स्वतःच आली. सात वर्षांनी मूल झालं होतं. जत्रेलाच ओटी भरायचा नवस होता. ती इस्पितळात नर्स. रजेचा अर्ज पाचच्या आत द्यायचा, नाहीतर ती रजा दुसऱ्या नर्सला मिळणार होती.

"काकी, मोबाईलला विचारलं. बारा फेब्रुवारी म्हणतो. चार ठिकाणांची नावं देतो, म्हणजे पक्कंच ना?"

गावच्या देवीची जत्रा पंचांग बघून ठरत नाही, कौल लावून, म्हणजे देवीलाच विचारून ठरते. आणि कौल झाल्याचं गावाहून कुणी कळवलं नव्हतं. सुगंधाबाईंनी देवळातल्या गुरवाला फोन लावला. लागेना. सव्वाचार वाजले.

मग चष्मा लावून त्या रेवतीच्या मोबाईलवर त्या चार ठिकाणांचं एकेक पान उघडून बघू लागल्या. चारही ठिकाणी तीच वाक्यं, तोच फोटो. चौथ्या पानाच्या तळाशी लिहिलं होतं: माहिती, सुगंधा परब, भांडुप.

त्यांना आठवलं. महिन्यापूर्वी कुणीतरी फोन करून विचारलं होतं. बहुतेक बारा तारीख असेल, पण कौल झाल्याशिवाय खरं नाही, असं त्या म्हणाल्या होत्या. त्या माणसाने 'पण'च्या पुढचं गाळलं, बाकीच्या तिघांनी त्याचं उचललं आणि मोबाईलने चौघांची साक्ष मोजली.

साडेचारला गुरवाने फोन उचलला.

"अगो, कौल खंय झालो अजून? तारीख तू खंयसून आणलंस?"

कौल अजून झालाच नाही, हे रेवतीनेही ऐकलं. अर्ज अर्धा लिहून झाला होता.

"मग मोबाईल सांगतो ते?"

"त्याला मीच सांगितलं, बाय," सुगंधाबाई म्हणाल्या. "माझंच चुकलं. बहुतेक म्हणायलाच नको होतं."

पाचला दहा कमी असताना रेवतीने अर्जाचा कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

"चुकीच्या दिवशी जाऊन ओटी कुणाची भरू?"

सुगंधाबाईंनी पायात चपला घातल्या. "चल, तुझ्या मेट्रनला मी भेटते. तारीख नाही सांगता येत, पण नवस तरी सांगते, रजा कौल होईपर्यंत राखून ठेवा म्हणते."