कापसाचा ढीग आणि याडीचं मीठ

माझ्या सासूनं एकदा मरायचं ठरवलं होतं.

विष-बिष काही नाही. मामंजी गेले आणि तिनं हळूहळू जेवण सोडलं. मग बोलणं सोडलं.

घाटंजीजवळच्या आमच्या तांड्यात तिला सगळे याडी म्हणत. याडी म्हणजे आई. मीही तेच म्हणायचे, तोंडावर तरी. कारण लग्न होऊन आल्यापासून तिचं माझ्याबद्दल एकच मत होतं.

"सून चांगली हाय, पन हाताले मीठ नाही."

(घरात आम्ही गोरबोलीत, म्हणजे आमच्या बंजारा बोलीत बोलतो. इथं सगळ्यांना कळावं म्हणून वऱ्हाडीत लिहिते.)

तर ही बाई, जिनं माझी एक भाजी नावं ठेवल्याशिवाय खाल्ली नाही, ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागली. ताट पुढे केलं की दोन घास खायची आणि सरकवायची. अळणी आहे की खारट, काही नाही.

यवतमाळच्या डॉक्टरांनी सगळे रिपोर्ट पाहिले. म्हणाले, "शरीरात काही नाही. कुठं तरी फिरवून आणा."

संजय, माझा नवरा, लगेच म्हणाला, "समुद्र दाखवू."

याडी एवढंच बोलली, "मले कायले नेता?"

तरी नेलं. मे महिना, ट्रेनचा प्रवास, पुढे भाड्याची जीप. खिडकीजवळ बसवलं तर डोळे मिटून बसली. मी मनात म्हटलं, पैसे गेले पाण्यात. समुद्र यायचा होता अजून.

आणि कोकणपट्टीत एका वळणावर ती ताठ बसली.

"संजू, गाडी थांबव."

रस्त्याच्या कडेला पांढरेशुभ्र ढीग. एकामागं एक, पार लांबपर्यंत.

याडी उतरली, तरातरा चालत गेली आणि तिथं काम करणाऱ्या माणसावर खेकसली,

"एवढा कापूस असा उघड्यावर कायले टाकला रे? पाणी आलं त काळा पडन सारा!"

कित्येक महिन्यांत तिचं पहिलं एवढं लांब वाक्य. तेही भांडणाचं.

तो माणूस हसला. "आजी, कापूस नाय. मीठ हाय ते."

तुम्ही हसाल. पण आमच्याकडं पांढरा ढीग म्हणजे कापूसच. जन्मभर वेचला, दुसरं काय सुचणार?

याडी हसली नाही. तिनं चपला काढल्या. एक खडा उचलून जिभेवर ठेवला.

"माह्या आज्याचा बाप बैलावर मीठ लादून आपल्याकडं आने," ती त्या माणसाला सांगायला लागली. "आमची लदेणी होती. गावातलं मीठ संपाच्या आत निंघा लागे. नाही त लोकं अळणी खातीन."

ती बोलतच राहिली. बैलांच्या गळ्यातल्या घंटा, मुक्काम, तिच्या बापानं सांगितलेलं सगळं. संजयनंही यातलं काही ऐकलेलं नव्हतं.

मग म्हणाली, "भूक लागली."

तिथंच बांधावर बसून घरून आणलेल्या दशम्या आणि कोरडं बेसन काढलं. तिनं एक घास खाल्ला. माझ्याकडं पाहिलं.

"अळणी हाय."

आणि वरून तेच मीठ चुरून घातलं.

मी तोंड फिरवून रडले. सून म्हणून इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.

समुद्रही बघितला तिनं. "पानी लय हाय, पन प्याच्या कामाचं नाही." विषय संपला.

येताना मात्र पिशवीभर मीठ आणलं. तांड्यात घरोघरी चिमूट चिमूट वाटलं, उरलेलं बरणीत. सणावारालाच काढायचं आणि बरणी रिकामी व्हायच्या आत घरातल्या कोणीतरी प्रवासाला निघायचं, हा तिचा कायदा.

पण ती स्वतः कुठं थांबते? तांड्यातल्या दोघीतिघींना घेऊन, एसटीचं हाफ तिकीट काढून निघायची. आधी कळंबचा चिंतामणी, मग मारेगावची बहीण, मग जिकडं एसटी जाईल तिकडं. परत आली की भूक असायची, गाढ झोप असायची, आणि माझ्या भाजीला नावं.

मामंजींचं दुःख संपलं असं नाही. सणाला त्यांचं ताट वाढून ती रडायचीच. पण त्या भिंतीकडं पुन्हा तोंड केलं नाही.

आज वर्ष झालं ती गेली. झोपेतच गेली. पुढच्या प्रवासाची पिशवी भरून ठेवलेली होती.

वर्षभर मी कुठं गेले नाही. संजय म्हणायचा, चल, दोन दिवस जाऊन येऊ. मी म्हणायचे, मला कशाला नेतोस? आपण कोणाचं वाक्य बोलतोय, हे लक्षातच आलं नाही.

आज सकाळी तिच्या नैवेद्याला बेसन केलं आणि ती बरणी काढली.

तळाला चमचाभर राहिलंय.

याडी, आज मीठ बरोबर पडलंय. एकदा तरी कबूल कर.

तुझी पिशवी घेतली आहे. उद्या सकाळच्या एसटीनं निघते.

रामराम, याडी.