बोटावरची चिंधी

माझ्या मुलीची कॉकपिटची चाचणी आठ दिवसांवर आली तेव्हा ती घरी होती. वैमानिक प्रशिक्षणातल्या या चाचणीत ती एकदा नापास झाली होती. कुठलं बटण कुठे आहे हे तिला तोंडपाठ होतं. हात मात्र अडखळायचा. पुन्हा अडखळला असता तर तुकडी पुढे गेली असती आणि ती मागे राहिली असती. म्हणून तिने मागच्या खोलीत संगणक आणि विमान वळवायची स्टिक मांडली, डोळ्यांवर हेडसेट चढवला आणि फक्त हेडसेटमध्ये दिसणाऱ्या विमानात बसून सराव सुरू केला. मी नंदुरबारला पथारीवर, म्हणजे मिरची वाळत घालतात त्या मैदानावर, हजेरीचं आणि मालाचं काम बघते. यादी केल्याशिवाय मला काही सुचत नाही. वहीचं एक पान तिच्या नावे काढलं.

पहिली अडचण क्लिकची. हेडसेट घातला की टेबलावरचा माऊस दिसत नाही. चाचपडताना तिने दोनदा पाण्याचा तांब्या पाडला. मग बटणाकडे मान वळवायची आणि स्टिकवरची कळ दाबायची, असं करून पाहिलं. काम झटपट व्हायचं, पण शिकत होती मान. हात जागचा हलत नव्हता. हातात धरायचे कंट्रोलर घेतले तर स्टिक सोडावी लागे, आणि खाली ठेवलेला कंट्रोलर पुन्हा सापडत नसे. शेवटी रिकामा हात. हेडसेटच्या कॅमेऱ्याला तो दिसतो, बोट पोचलं की बटण दबतं. पण हवेत बोटाला काही लागत नाही, त्यामुळे शेजारचंही दबायचं.

तिने जुना माऊस उघडून त्याचं बटण वायरीसकट बाहेर काढलं. तर्जनी रोखायची आणि तिच्यावर बसवलेलं बटण अंगठ्याने दाबायचं. हे जमण्यासारखं होतं, फक्त बटण बोटावर टिकेना. चिकटपट्टी घामाने सुटायची, रबर रुतायचं.

पथारीवर देठ खुडणारी एक मावशी दुपारी चहाला आली. दारातूनच तिने मुलीला हवेत बोट टोचताना पाहिलं.

"हाई पोर हवाले कसाले टोची ऱ्हायनी?"

"विमान चालवतेय, मावशी," मुलगी हेडसेटमधूनच म्हणाली.

"चालाड. मन्ही म्हैसबी अशीच चालस, खुटाले बांधेल."

मग तिने मुलीचं बोट धरलं आणि कमरेला खोचलेली चिंधी काढली. देठ खुडताना बोटं जळू नयेत म्हणून या बायका चिंधी गुंडाळतात. सांध्याच्या खाली दोन वेढे, वर दोन, मध्ये फुली. बोट वाकतं आणि चिंधी सरकत नाही. बटण तसंच बांधलं.

दोन तास ते हललं नाही. मी वेढे वहीत लिहून घेतले. मग घाम पुसायला मुलीने हेडसेट वर केला आणि त्याच बोटाने डोळे चोळले.

चिंधी मिरचीतली आहे हे तिघींपैकी एकीलाही सुचलं नव्हतं. आम्हाला तो वास आता येतच नाही. आठातले दोन दिवस डोळ्यांच्या सुजेत गेले.

"यादीत काय काय होतं गं, मम्मी?" तिने डोळे मिटूनच विचारलं.

पंखा, चार्जिंग, वायर, खुर्चीची जागा. 'चिंधी धुणे' नव्हतं. हेडसेटची गादी काढून मी तीनदा साबणाने धुतली आणि जुन्या सुती साडीच्या नव्या चिंध्या फाडल्या.

उरलेले दिवस मी चाचणीचा क्रम वाचत गेले आणि ती हात नेत गेली. आधी मला थांबावं लागायचं. शेवटच्या दिवशी माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तिचं बोट बटणावर असायचं.

चाचणीनंतर तिचा फोन आला. पास झाली होती.

"पण परीक्षकांनी विचारलं, प्रत्येक बटणाला अंगठा बोटावर का दाबतेस? काही मोजतेस का?"

"मग?"

"सवय आहे म्हटलं. ते म्हणाले, मग ती मोड."

दुसऱ्या दिवशी पथारीवर मावशीने विचारलं, "मंग, इमान उडनं?"

"अजून नाही. बटणं दाबता आली."

"बरं. मन्ही चिंधी कोठे शे?"

धुऊन ठेवलेली दिली. तिने ती बोटाला गुंडाळली आणि ढिगाशी बसली. मी वहीत 'अंगठ्याची सवय मोडणे' असं लिहिलं आणि पानाचा फोटो मुलीला पाठवला.