फुलवंताची चुलबंद आवतनं

आमच्या बोरूटोल्यात आज बेचाळीस चुली आहेत. घरं मोजायला गेलात तर आकडा जुळायचा नाही. एका छपराखाली दोन भाऊ वेगळे रांधत असले तर आम्ही त्या दोन चुली धरतो, आणि चार भाऊ एकत्र जेवत असले तर एकच. कोणती चूल कधी पेटली, कोणती कोणत्या घरातून फुटली आणि कोणती विझून गेली, हे सगळं ज्या एका माणसाला तोंडपाठ आहे ती फुलवंता. वय अडुसष्ट, अक्षर एक येत नाही, आणि चालणं असं की बिरसीच्या विमानतळावरून शिकाऊ पोरांचं विमान डोक्यावर आलं तरी ती वर बघायला थांबत नाही.

तिच्या सासरच्या घराकडं पिढ्यान्‌पिढ्या गावची आवतनं सांगायचं काम आहे. ज्याच्या घरी लग्न निघालं तो हळदीत घोळलेले तांदूळ तिच्या ओटीत घालतो. ती दारोदार जाऊन चार दाणे घरच्या माणसाच्या हातावर ठेवते आणि जेवणाचं बोलावणं सांगते. आता हे बोलावणं दोन तऱ्हेचं. नुसतं आवतन असलं तर घरातला एक माणूस जातो, बाकीचे घरी रांधून खातात. चुलबंद आवतन असलं तर त्या दिवशी घरची चूल पेटवायचीच नाही, म्हातारीपासून पाळण्यातल्या लेकरापर्यंत सगळ्यांनी लग्नघरी जेवायचं. चुलबंद हा शब्द दारात उच्चारला गेला नाही तर सख्ख्या भावाच्या घरचीही बाईमाणसं पाऊल टाकणार नाहीत. छापील पत्रिकेवर ‘सहकुटुंब’ असतं, पण आमच्याकडं कागदाला विचारतो कोण.

क्रमही ठरलेला. गाव नव्हतं, नुसतं जंगल होतं, तेव्हा इथं फागूच्या पणज्याची एकच चूल होती. म्हणून लग्न कोणाचंही असो, पहिलं आवतन गोंडांच्या फागूकडं. त्यानंतर पोवारांचे दोन भाऊ बैलगाडी हाकत आले. दुसरी चूल थोरल्याची, तिसरी धाकट्याची. मग बाकीचे. फुलवंता दारात उभी राहून ज्यानं ती चूल पहिल्यांदा पेटवली त्याच्या नावानं हाक मारते. फागूच्या दारात म्हणते, चैतूच्या चुलीले आवतन. चैतूला जाऊन शंभर वर्षं झाली असतील, पण फागूचा नातू रोशन मोबाइल बाजूला ठेवून ओ देतो.

मागं शाळेतल्या बाईंनी पोरांना चार पिढ्यांची नावं लिहून आणायला सांगितली. संध्याकाळी सगळी शाळा फुलवंताच्या अंगणात. ती तांदूळ पाखडत होती, पाखडता पाखडता एकोणीस पोरांना सांगून मोकळी झाली. दुसऱ्या दिवशी त्यांतल्या प्रफुलच्या घरून तक्रार आली, कारण त्यांचा पणजा या गावात घरजावई म्हणून आला होता आणि ते दोन पिढ्या आपण मूळचे मालक असल्याचं सांगून राहिले होते. बाईंनी वहीत बरोबरची खूण केली होती, ती खोडायला त्या तयार नव्हत्या.

तर अशी ही फुलवंता. आणि तिचं काम जाता जाता राहिलं, ती गोष्ट यंदाच्या वैशाखातली. पण त्यासाठी एकतीस वर्षं मागं जावं लागतं.

ते जे पोवारांचे दोन भाऊ सांगितले, त्यांच्यातल्या थोरल्याचं घर आज भुवनेश्वरचं, धाकट्याचं चुन्नीलालचं. दोघं भावकीतले चुलतभाऊ, घरं समोरासमोर, मध्ये एक बैलगाडी जाईल एवढा रस्ता. एकतीस वर्षांपूर्वी चुन्नीलालच्या बहिणीचं लग्न होतं. भुवनेश्वरचा बाप नत्थूलाल तेव्हा होता. त्याच्या घरच्या बायका, चुलबंद सांगायला कोणी तरी येईल म्हणून, सकाळपासून नव्या लुगड्यांत तयार. कारण त्यांच्या दारी नुसतं आवतन आलं होतं, चुलबंद नाही, आणि शेवटपर्यंत कोणी आलं नाही. नत्थूलाल एकटा गेला, पंगतीला बसला, आणि बघतो तर साऱ्या गावच्या बाया, लेकरं मांडवात. त्याच्याच घरची तेवढी नाहीत. घास न उचलता तो उठला. घरी बायकांनी लुगडी बदलली आणि चूल पेटवली.

त्या दिवसापासून रस्त्याच्या या बाजूचं त्या बाजूला बोलणं बंद. नत्थूलाल गेला तेव्हा चुन्नीलालचा बाप तिरडीला खांदा द्यायला आला नाही, आणि तो गेला तेव्हा भुवनेश्वर शेतात चिखलणी करत राहिला. दोघांच्या पोरांनी शाळेत एका बाकावर बसून एकमेकांशी बोलू नये, अशी शिस्त. गावातला जुना माणूस म्हणून मी दोन-तीनदा मध्ये पडलो होतो. दोन्हीकडं चहा मिळाला, बाकी काही नाही.

यंदा भुवनेश्वरच्या लेकीचं, ओमेश्वरीचं लग्न ठरलं. त्यानं फुलवंताच्या ओटीत तांदूळ घातले आणि बजावलं की सगळीकडं चुलबंद सांग, समोरचं घर सोडून. फुलवंतानं फागूकडून सुरुवात केली. दुसरी चूल लग्नघरचीच, ती सुटली. आणि तिसऱ्या दारात ती थांबली. चुन्नीलाल ओसरीवर दात कोरत बसला होता. त्याला वाटलं, दम खायला थांबली असेल. तिनं त्याच्या पणज्याचं नाव घेतलं, चार दाणे त्याच्या हातावर ठेवले आणि चुलबंद सांगून पुढं चालू लागली. चुन्नीलाल हात तसाच धरून किती वेळ बसला म्हणतात. त्याची बायको बाहेर आली, दाणे बघितले आणि आत जाऊन पदरात बांधले.

समोरासमोरची घरं. भुवनेश्वरला कळायला कितीसा वेळ लागणार? फुलवंता बेचाळिसावी चूल करून परत आली, तेव्हा तो अंगणात उभाच होता. मांडवाचे बांबू रोवायला आलेली माणसं होती, आणि मी होतो. मला मांडव नीट उभा राहतो की नाही ते बघायला बोलावलं होतं, म्हणजे खाटेवर बसायला.

भुवनेश्वर तसा गरम डोक्याचा नाही, पण त्या दिवशी त्याचा आवाज चढला. “काकी, मी तुले काय सांगितलो होतो?”

“समोरचं घर सोड म्हनून सांगितलास.”

“मग कायले गेलीस?”

“क्रमात होतं,” ती म्हणाली.

भुवनेश्वरनं सांगितलं की आत्ताच्या आत्ता जाऊन ते दाणे परत आण. हळद लागायच्या आत आवतन परत घेता येतं, तसा रिवाज आहे. नाही आणले तर या गावात तिची आवतनं संपली. हेमेंद्र, त्याचा पोरगा, पुण्याला कंपनीत आहे. तो एका बोटानं सगळ्या गावाला फोनवर पत्रिका पाठवेल, आणि पुढच्या लग्नांनाही कोणाला उन्हात फिरायची गरज राहणार नाही. माणसं बांबू हातात धरून ऐकत होती. फुलवंताच्या घरात दुसरं काही नाही. पोरगा रायपूरला, सून तिकडंच. खळ्यावर घरोघरचं धान मिळतं ते या चालण्याचंच, पण धानाचं सोडा, लग्न निघालं की पहिलं बोलावणं आपल्याला येतं, यावर ती बाई जगते. ते सगळं त्या अंगणात पणाला लागलं होतं, आणि मला वाटलं की ती आता जाईल आणि दाणे घेऊन येईल.

ती मांडवाच्या खड्ड्याजवळ खाली बसली.

“भुवन, तुया बापाच्या दारी चुलबंद म्हनायचं मीच भुलली होती,” ती म्हणाली. “समोरच्या घरानं तुमाले चुलबंदच सांगितलं होतं.”

कोणाला काही समजलं नाही. मग तिनं बसल्या बसल्या सगळं सांगितलं. एकतीस वर्षांपूर्वी तिचा नवरा गोंदियाच्या दवाखान्यात पडलेला. तोवर ती कधी आवतनाला फिरली नव्हती. त्याच्या जागी पहिल्यांदाच निघाली होती. नत्थूलालच्या दारात उभी राहिली तर नत्थूलालनं आधी नवऱ्याची तब्येत विचारली. सकाळपासून तेवढ्या एका माणसानं विचारलं. तिला रडू आलं, तोंडाला पदर लावून दाणे हातावर ठेवले, कसंबसं आवतन म्हणाली आणि निघाली. चुलबंद म्हणायचं राहिलं हे पुढं चौथ्या-पाचव्या घरी तिच्या लक्षात आलं, पण वाटलं की एवढे जवळचे लोक, समजून घेतील. लग्नाच्या दिवशीच नवरा गेला. तेरवीपर्यंत ती घराबाहेर पडली नाही, आणि पडली तेव्हा दोन्ही घरांचं बोलणं तुटलेलं होतं. तेव्हा सांगितलं असतं तर लोकांनी काम काढून घेतलं असतं. नंतर सांगायला उशीर झाला, आणि मग फारच उशीर झाला.

मला खरं सांगायचं तर राग आला. ही बाई वर्षाला दहा लग्नं फिरली, दोन्ही घरांचा चहा प्याली, आणि पोटात हे ठेवून. पण तिच्याकडं बघवत नव्हतं. 

बोलली ती भुवनेश्वरची आई, दुर्गेश्वरी. बुढी ब्याऐंशीची, आतल्या दाराच्या उंबऱ्यावर बसून ऐकत होती. त्या दिवशी नवं लुगडं नेसून वाट बघणाऱ्यांत ती होती.

“हिरवं होतं,” ती म्हणाली. “ते लुगडं मी परत कदी नेसली नाही. लेकरं रडून राहिली होती भुकेनं, आन् मी चूल फुंकून राहिली होती. घरचा मानूस मरेपर्यंत म्हनत गेला, आपल्याले कमी केलं म्हनून. आन् तू रोज या दारावरून जाऊन राहिली होतीस, फुलवंता.”

फुलवंता मान खाली घालून म्हणाली, “जाऊन राहिली होती, मोठी माय.”

 बुढीनं भुवनेश्वरला सांगितलं की दाणे परत आणायचे नाहीत. आणि फुलवंताला सांगितलं की जे इथं बोललीस ते समोर जाऊन बोल, आत्ता, एकटी.

फुलवंता रस्ता ओलांडून गेली. आत काय झालं ते आम्हांला दिसलं नाही. चुन्नीलालनं पुढं मला सांगितलं की ऐकून तो न्हाणीत जाऊन तोंड धुऊन आला. त्याची बायको मात्र फुलवंतावर बरसली. तिच्या सासऱ्यानं मरताना भुवनेश्वरचं नाव घेतलं होतं, आणि बोलवायला कोणी गेलं नव्हतं. तासाभरानं फुलवंता बाहेर आली. डोळे सुजलेले. सरळ घरी गेली.

लग्नाचा दिवस आला. मांडवात सकाळपासून माणसं, चुलाण्यावर भात, वांग्याची भाजी, सगळं झालं. बाकीच्या चुलींची माणसं येऊन बसली. समोरच्या घराचं दार लोटलेलं. अकरा माणसं त्या घरात, एकही बाहेर येईना. भुवनेश्वर दर दोन मिनिटांनी रस्त्याकडं बघे आणि आपण नाही बघत असं दाखवी. पंगत बसवायची की थांबायचं, हे आचारी मला विचारायला लागला. मी थांबा म्हणालो. मला कोणी विचारलं की मी थांबाच म्हणतो.

तेव्हा दुर्गेश्वरी काठी घेऊन उठली. फुलवंता कोपऱ्यात पत्रावळी मांडत होती, तिला खूण करून सोबत घेतलं. दोघी बाया रस्ता ओलांडून गेल्या. एकतीस वर्षांत बुढीनं तो रस्ता ओलांडला नव्हता. मागोमाग मीही गेलो, कारण म्हातारीला उंबरा चढताना हात लागेल. ओसरीवर सगळे अंघोळ करून, नवे कपडे घालून, भिंतीला टेकून बसलेले. चुन्नीलाल, त्याची बायको, दोन पोरं, सुना, नातवंडं. कोणी उठलं नाही. नुसते बघत होते. बोलावणं खरं की नाही, याचा भरवसा कोणालाच नव्हता.

दुर्गेश्वरी त्यांच्याकडं न बघता सरळ रांधणीत गेली, चुलीपुढं बसली आणि हात राखेत घातला. राख थंड. काल रात्रीची. सकाळचा चहासुद्धा त्या घरात झाला नव्हता.

“लेकराईलेबी काही देल्ली नाहीस?” तिनं चुन्नीलालच्या बायकोला विचारलं.

“चुलबंद होतं ना, मोठी माय,” ती म्हणाली.

दुर्गेश्वरीनं राखेचा हात लुगड्याला पुसला. सगळ्यांत धाकट्या नातीचं नाव विचारलं, रुचि म्हणून कळलं, तिचं मनगट धरलं आणि उठली. फुलवंता दारात बाजूला सरून उभी होती. बुढी तिला म्हणाली, “तू पुढं चाल. तुयं आवतन हाये.”

आणि फुलवंता पुढं चालली. तिच्या मागं बुढी आणि रुचि, त्यांच्या मागं चुन्नीलालची अकराच्या अकरा, शेवटी मी. भुवनेश्वर मांडवाच्या तोंडाशी आला, चुन्नीलालच्या समोर उभा राहिला, आणि त्यानं चुन्नीलालच्या हातात पाण्याचा लोटा दिला. पहिल्या पंगतीला सगळे एका रांगेत बसले. भात कमी पडला. आचाऱ्यानं दुसरं पातेलं चढवलं, आणि तोवर दुर्गेश्वरी फुलवंताला आपल्या शेजारी बसवून वाढायला आलेल्या पोरांना सांगत होती की आधी हिच्या पत्रावळीत टाका, सकाळपासून हिच्याही घरची चूल बंद आहे.