घाडीचे अकरा वाजताचे फोन

उमेश घाडी मला चोर वाटायचा.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. त्याच्या फोटोखाली असलं काही लिहिताना लाज वाटतेय. तरी लिहितेय.

पवईच्या ऑफिसात आम्ही तिघं एका रांगेत बसायचो. उमेश, समीर आणि मी.
काम काय, तर क्लायंटच्या वेबसाईट चालू आहेत ना, पान किती वेळात उघडतंय, यावर दिवसभर नजर ठेवायची. स्क्रीनवर हिरवा ठिपका म्हणजे ठीक. लाल झाला की धावाधाव.

या कामाने माणूस संशयी होतो म्हणतात. मी आधीपासूनच होते. कॅन्टीनवाल्याने चहा फुकट दिला तरी मी विचारणार, का रे बाबा?

आमच्याकडे एका पॅथॉलॉजी लॅबची साईट होती. पेशंट त्यावर आपले रिपोर्ट बघायचे.
रोज अकराला उमेश मोबाईल घेऊन जिन्यात जायचा. परत येऊन कधी कधी म्हणायचा, "आज साईट रडतेय."
मी बघायचे, तर सगळं हिरवं.
"कुठे रडतेय? सेकंदाच्या आत उघडतंय पान!"
"बघ तू," एवढंच म्हणायचा.

आणि अर्ध्या तासात लॅबवाल्यांची मेल. पेशंट ओरडतायत, रिपोर्ट उघडत नाहीत, काय चाललंय तुमचं?

एकदा ठीक आहे. पण दर वेळी? आमचा अलार्म गप्प आणि याला आधीच कळतं? कसं काय?

एक दिवस मी त्याच्या मागे गेले. हो, गेले. जिन्याच्या दाराआड उभी राहून ऐकलं.
"किती झाले? चौदा? बरा. आणि कोणाक सांगा नको हां."

झालं! माझी खात्रीच पटली. हा आतल्या गोष्टी बाहेर पुरवतोय. नाहीतर साईट हाच पाडतोय.

तोंडावर विचारायला काय झालं होतं मला? इतकी वर्षं त्याच्या डब्यातले घावणे खाल्ले.
नाही विचारलं. सरळ साहेबांकडे गेले. वर म्हटलं, "सर, माझं नाव येऊ देऊ नका."

नाव आलं नाही. साहेबांनी चौकशीही केली नाही. "टीममध्ये थोडा बदल" म्हणाले आणि उमेशला खालच्या मजल्यावर जुनी मशिनं मोजायला बसवलं.

त्याचं काम समीरला मिळालं.

कोणीतरी आपल्याबद्दल वर जाऊन बोललंय, हे उमेशला कळलंच. त्याने समीरवर संशय घेतला. दोघं कांजूरमार्गला एकाच बिल्डिंगमध्ये राहणारे, घट्ट मित्र. उमेशने बोलणंच टाकलं.
मी बघत होते. रोज बघत होते. गप्प बसले.

मग गेल्या वर्षी उमेशला अटॅक आला. हॉस्पिटलपर्यंतही पोचला नाही.

भेटायला घरी गेले, तर कुडाळहून त्याची मावशी आली होती.
"तू त्याच्या हापिसातली मा गो? माका रोज अकराक फोन करी. म्हणे, मावशे, तुझ्या मोबाईलात ता लॅबचा पान उघड, आणि उघडता तवसर आकडे मोज. मी आपली मोजी, एक, दोन, तीन. कधी चौदार उघडा, कधी उघडाच नाय. कोणाक सांगा नको म्हणे, हापिसात हसतले."



आम्ही साईट तपासत होतो आमच्याच बिल्डिंगमधल्या मशीनवरून. तिथल्या वेगवान नेटवर ती झटपट उघडणारच. कुडाळसारख्या गावात बसलेल्या पेशंटला ती कशी दिसते, हे फक्त उमेश बघत होता. आणि मी त्याला चोर ठरवलं.

तिथेसुद्धा मावशीला काही सांगितलं नाही. चहा पिऊन निघाले.

खाली गेटजवळ समीर उभा होता. वर जायची हिंमत होत नव्हती त्याची.
"माझ्याशी का तोडलं गं त्याने? तुला काही बोलला होता?"
मी म्हटलं, "नाही रे. मला काय माहीत?"

वर्ष झालं या खोट्याला. आता नाही सहन होत.

समीर, तुला मुद्दाम टॅग केलंय. तक्रार मी केली होती. उमेशला वाटलं, तू केलीस. फोन कर, हव्या तेवढ्या शिव्या दे, मी ऐकून घेईन. पण एकदा त्याच्या घरी वर जा.

उमेश, तू गेलास तो समीरवर रागावूनच.
तो राग माझ्या वाट्याचा होता रे.

माझा शेवटचा नमस्कार घे.