दुसऱ्या पानाचं नाव

नुकतं जन्मलेलं कोकरू अंगाने पुरतं वाळायच्या आत मेंढपाळ बापू त्याचा बाप सांगायचे. कान उलटा करून बघत, पाठीवरून हात फिरवत आणि म्हणत, "बांड्या मेंढ्याचं हाय. वळण बघा की." कळपात तीन-चार नर असले तरी त्यांचा अंदाज चुकलेला मला आठवत नाही. उन्हाळ्यात उमापूरच्या आमच्या शेतात खतासाठी त्यांच्या मेंढ्या बसायच्या आणि मी दिवसभर त्यांच्या मागे असायचो. आज मी बीडला क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवतो. आनुवंशिकतेचा पहिला धडा मला या शाळा न पाहिलेल्या माणसाने दिला.

मेंढरांचं सगळं गणगोत तोंडपाठ असलेल्या बापूंना स्वतःचा बाप मात्र ठाऊक नव्हता. दोन-तीन वर्षांचे असताना ते उमापूरच्या बाजारात रडताना सापडले. म्हादबा नावाच्या मेंढपाळाने त्यांना खांद्यावर घेतलं. बाजार उठला तरी कुणी शोधायला येईना, तेव्हा म्हादबाने त्यांना घरी नेलं आणि आपलं नाव दिलं. बापूंनी त्याचं कधी रडगाणं गायलं नाही. फक्त सर्वपित्री अमावस्येला ते पत्र्यावर दोन पानं ठेवायचे. पहिल्या पानाशी "म्हादबा, या!" अशी खणखणीत हाक मारायचे आणि दुसऱ्याशी नुसते उभे राहायचे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "हाक कुनाला मारू? नावच न्हाई, तर कोन यील जेवायला?"

पाच-सहा वर्षांपूर्वी मीच त्यांना डीएनए चाचणीचं सांगितलं. नसती हौस माझीच. बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे जवळपास जसंच्या तसं उतरतं ते यात तपासतात, असं म्हणालो. "म्हंजी नराचं वळण," बापू लगेच म्हणाले. एखादा नातेवाईक सापडलाच तर सापडेल, असंही मी बजावलं होतं, पण त्यांनी तेवढं ऐकलं नाही. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवायचा होता, त्याआधी अर्धा तास तोंडात काही नको होतं. बापूंनी दोन दिवस तंबाखू सोडली आणि आंघोळ करून, धुतलेला पटका बांधून आले.

दोन महिन्यांनी अहवाल आला. त्यांच्या नात्यातल्या कुणीच अशी चाचणी केलेली नव्हती. उरलं होतं ते फक्त गटाचं नाव, एच-वन-ए. हजारो वर्षांपूर्वीच्या कुणा पुरुषापासून निघालेल्या, लाखो माणसांत पसरलेल्या वंशाची ती खूण. मी तासभर समजावलं.

"पुन्यांदा म्हना," बापू म्हणाले.

"एच वन ए."

"एचवणे." त्यांनी ते तोंडात घोळवलं. "सोनवणे असत्यात तसं. आपल्या भागात न्हाई ऐकलं. लई लांबचे असतील."

"बापू, हे आडनाव नाही."

"मंग माझ्या कागदावर कावून लिवलंय?"

मी कागदाची घडी घालून त्यांच्या हातात दिली.

त्या वर्षीच्या अमावस्येला मी त्यांच्याकडे गेलो होतो. "म्हादबा, या!" झालं. मग बापू दुसऱ्या पानाशी सरकले आणि सत्तर वर्षांची साठलेली हाक मारली, "एचवणे, या वो! जेवाया या!" हे आडनाव नाही, असं मी पुन्हा सांगितलं नाही. पुढेही कधी नाही.

बापू जाऊन दोन वर्षं झाली. यंदाच्या अमावस्येला त्यांच्या मुलाचा, दत्ताचा फोन आला. मी तेव्हा वर्गात होतो.

"सर, यंदा पयल्यांदाच मी पानं मांडल्यात. बापूचं झालं, म्हादबाचं झालं. त्या तिसऱ्या पानाला बापू काय नाव घ्यायचे? तुमीच हुडकून दिलतं म्हनं."

मी वर्गाबाहेर आलो. आता तरी खरं सांगावं, असं मनात आलं.

"एचवणे," मी म्हणालो.

"जरा सावकाश सांगा, सर. पोरांसाठी लिवून ठिवतो."

मी एकेक अक्षर सावकाश सांगितलं.