सरांचा प्रश्न ताईने विचारला

माझी थोरली बहीण काय करते असं कुणी विचारलं, की मी 'शिकवते' एवढंच सांगते. भौतिकशास्त्राचं तत्त्वज्ञान म्हटलं की समोरचा आधी हसतो आणि मग जायची घाई करतो. माझं चष्म्याचं दुकान आहे. माझ्याकडे येणाऱ्याला निदान जाताना चार अक्षरं जास्त दिसतात. ताईकडे येणाऱ्याला आधी दिसत होतं तेही दिसेनासं होतं, असं मी तिला चिडवायचे. ती म्हणायची, "बरोबर आहे तुझं."

तिचा प्रश्न एकच, कॉलेजपासून धरून ठेवलेला. पाण्यात शाईचा थेंब टाकला की पसरतो. पसरलेली शाई गोळा होऊन पुन्हा थेंब झालेली कुणी पाहिलेली नाही. पण बारीकातल्या बारीक कणांचे नियम पाहिले, तर ते पुढे चालवा नाहीतर मागे, सारखेच लागू पडतात. मग काल आणि उद्या यांत फरक आला कुठून? ताईचं उत्तर असं, की फरक नियमांत नाही, सुरुवातीत आहे. विश्व सुरू झालं तेव्हा सगळं कमालीचं नीटनेटकं होतं, तेव्हापासून ते विस्कटत चाललंय, आणि काळाला दिशा आहे ती त्यामुळेच. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा काच पुसता पुसता माझा हात थांबला. एवढ्या अफाट गोष्टीला आपल्या घरातलं माणूस हात घालतंय, याची मला भीतीच वाटली होती.

पण पोटापाण्याचं काय? भौतिकवाले तिला तत्त्वज्ञानाची म्हणायचे, तत्त्वज्ञानवाले भौतिकातली. तासांवर शिकवता शिकवता केस पिकले. शेवटी एका कायम जागेची जाहिरात निघाली. वयाच्या अटीत बसेल अशी तिच्यासाठी ही शेवटचीच. निवड समितीसमोर, भरल्या सभागृहात व्याख्यान द्यायचं होतं. मी दुकान बंद ठेवून गेले.

ताई सुरेख बोलली. विभागप्रमुख तर अशी मान डोलवत होते, की घास अगदी हातातोंडाशी आला असं मी धरूनच चालले.

तेवढ्यात मागून एक हात वर झाला. निवृत्त झालेले 'हातोडा' सर. हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेलं, आणि ताईच्या एकूण एक लेखावर तो हातोडा पडलेला. मागच्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन वाचा अडखळायला लागली होती. मुलीच्या आधाराने ते उभे राहिले.

"सुरुवात... ते टोक... तू... कोण म्हणालं..." शब्द येईनात. "टोक," ते पुन्हा म्हणाले. कुणीतरी फिसकन हसलं. विभागप्रमुख म्हणाले, "सर, बसा तुम्ही. आपण नंतर बोलू." मी मनातल्या मनात हुश्श केलं.

ताई व्यासपीठाच्या कडेपर्यंत आली. "थांबा जरा. सर काय विचारतायत ते मी मांडून बघते. चुकले तर थांबवा, सर."

तिने फळ्यावर एक आडवी रेघ ओढली.

"एका टोकाला सगळं नीटनेटकं, दुसऱ्या टोकाला विस्कटलेलं. इथपर्यंत ठीक. पण नीटनेटक्या टोकाला मी सुरुवात म्हणते, ते कशाच्या जोरावर? नियम तर दोन्हीकडून सारखेच. म्हणजे काळ कुठून कुठे जातो हे मी आधीच धरून चाललेय आणि मग तेच सिद्ध केल्याचा आव आणतेय. असंच ना, सर?"

सरांनी पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. "हो," ते म्हणाले. हा शब्द स्पष्ट आला.

एवढ्यावर थांबावं की नाही? यातून निसटायला एक वाट आहे असं कुणाला वाटेल, म्हणून तीही तिने फळ्यावर मांडली आणि स्वतःच बुजवून टाकली. मग खडू खाली ठेवून म्हणाली, "याला आज माझ्याकडे उत्तर नाही."

माझ्या अंगावर काटा आला, आणि त्याच वेळी तळपायाची आग मस्तकात गेली. जागा दुसऱ्या उमेदवाराला मिळाली, हे दुपारीच कळलं.

बसथांब्यावर मी तोंड सोडलं. "एवढं स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायचं काय अडलं होतं? त्यांना काय म्हणायचंय ते तिथे कुणाला कळलं होतं? तू गप्प बसली असतीस तर कुणी एक शब्द काढला नसता."

"कुणी नसता काढला," ताई म्हणाली. "सरसुद्धा घरी गेले असते. आणि त्यांना वाटलं असतं, आता आपल्याला विचारही करता येत नाही. अगं, विचार शाबूत होता त्यांचा. नुसते शब्द गेलेत."

काळ कुठून येतो ते मला आजही नीट सांगता येणार नाही. पण त्या थांब्यावर माझ्या सख्ख्या बहिणीकडे नजर वर करून बघायचं मला धाडस होईना. बस आली तेव्हा ताईनेच माझा हात धरून मला वर चढवलं.