आधी प्रश्न, मग उतारा

शाळेत तोंडावर सगळे त्यांना बाई म्हणत आणि माघारी पेन्सिलबाई, कारण त्यांच्या हातात खडूपेक्षा पेन्सिल जास्त असायची. शेवटच्या वर्गाला त्या माहितीचे उतारे शिकवायच्या. धरणं, मधमाश्या, रक्तदाब, जुने पूल, कशावरही पानभर मजकूर आणि खाली प्रश्न. कविता शिकवणारे मास्तर मुलांच्या टाळ्या घेऊन जायचे आणि बाईंच्या वाट्याला हे रुक्ष काम यायचं. निकाल लागला की मात्र मुख्याध्यापक आधी बाईंच्याच टेबलापाशी येत. कवितेवर कोणी नापास होत नसे आणि उताऱ्यावर लटकणारा निम्मा वर्ग बाईंनीच बाहेर काढलेला असायचा.

त्यांची युक्ती साधी होती. उतारा वाचायचाच नाही. आधी प्रश्न वाचायचा, त्यातल्या मुख्य शब्दाभोवती गोल करायचा, मग तो शब्द शोधत पेन्सिलीचं टोक मजकुरावरून सरसर न्यायचं. सापडला की तेवढं वाक्य उचलायचं आणि पुढच्या प्रश्नाला लागायचं. बाकीचं सगळं भरताड, असं त्या बिनदिक्कत सांगायच्या. मुलांना तो शब्द फार आवडायचा. ज्यांना धड दोन ओळी सलग वाचता येत नसत तीही पोरं या युक्तीवर तरून जायची, आणि खरं सांगायचं तर बाईंना याचा थोडा गर्वच होता. गर्व करावा असं त्यांच्या आयुष्यात दुसरं फारसं काही नव्हतं.

या युक्तीत सगळ्यात तरबेज झाली ती त्यांची भाची. बहीण गेल्यावर बाईंनीच तिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं होतं. भाची उताऱ्यावर झडप घालायची. पुढे ती पास झाली, छापखान्यात कामाला लागली, लग्न झालं, मुलगी झाली. नवरा ट्रकवर चालक, महिन्यातले बरेच दिवस बाहेर.

मुलगी चालायला लागली त्या सुमारास तिचे दोन्ही कान फुटले. उशी ओली होईपर्यंत वाहत होते. दवाखाना बंद होता आणि पोर रडून रडून निळी पडत होती. कपाटात नवऱ्याच्या कानदुखीवर आणलेले थेंब होते. भाचीने खोक्यातला कागद उलगडला. तिला दोनच गोष्टी हव्या होत्या, किती थेंब आणि दिवसातून किती वेळा. दोन्ही तिने चुटकीसरशी शोधल्या आणि त्याबरहुकूम औषध घातलं. पोर शांत झाली म्हणून दुसऱ्या दिवशीही घातलं, आणि त्यानंतरही. पुढे कान वाहायचे थांबले, पण मुलगी हाकेला वळेना. मोठ्या इस्पितळात डॉक्टरांनी कागद मागितला आणि मधल्या एका ओळीवर बोट ठेवलं. कानाचा पडदा फाटला असेल, कान वाहत असेल, तर हे औषध घालू नये.

ती ओळ बारीक अक्षरात नव्हती, कोपऱ्यात नव्हती. इतर ओळींसारखीच होती. जावई इस्पितळात पोचला तेव्हा भाची त्याला एवढंच म्हणाली की मी घाईत वाचलं. बाई शेजारी उभ्या होत्या. तिने घाई केली नव्हती हे त्या दोघींनाच माहीत होतं. आयुष्यभर जसं वाचायला शिकवलं तसंच तिने वाचलं होतं. त्यावर त्या दोघी कधी बोलल्या नाहीत. भाचीचं येणं-जाणं मात्र कमी झालं, आणि आली तरी ती पाहुण्यासारखी खुर्चीच्या कडेवर बसायची.

बाईंनी शाळेत युक्ती बंद केली. आता उतारा पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, तोही दोनदा. हे कोणी लिहिलं, कशासाठी लिहिलं, काय करू नका म्हणून सांगितलं, हे सगळं विचारल्याशिवाय त्या प्रश्नांकडे फिरकू देत नसत. मुलं कंटाळली. पेपर अर्धवट राहायला लागले, निकाल धाडकन खाली आला आणि पालक मुख्याध्यापकांच्या खोलीत ठाण मांडून बसले. मुख्याध्यापकांनी बाईंना गोड शब्दांत समजावलं, मग कमी गोड शब्दांत. त्या बधल्या नाहीत तेव्हा शेवटचा वर्ग काढून त्यांना खालच्या वर्गावर पाठवलं. तिथे पेन्सिल धरायला शिकवण्यापासून सुरुवात होती. बाईंना तेही मनापासून पटलं. शिक्षा झाली याचं माणसाला कधी कधी बरं वाटतं.

नात मोठी झाली. ओठ बघून तिला बोलणं कळायचं, पण मास्तर फळ्याकडे वळले की तास संपल्यातच जमा. म्हणून तिला शिकायचं ते वाचूनच. आजीने तिला खालच्या वर्गात आपल्या हाताखाली असल्यापासून शब्द न् शब्द वाचायला लावलं होतं, आणि ती वाचायचीही तसंच, पानाच्या आकड्यासकट. आता शेवटचं वर्ष होतं. सहामाहीला उताऱ्यांचा पेपर तिने अर्धा कोरा दिला. पास झाली तर नकाशे काढण्याच्या शाळेत जागा मिळण्यासारखी होती. त्या कामात कानांचं काही अडत नाही. नापास झाली तर तिला कोण कुठे उभं करणार होतं?

भाची तिला घेऊन आली आणि या वेळी खुर्चीच्या कडेवर बसली नाही. ती सरळ म्हणाली, "मावशी, हिला ती युक्ती शिकव."

बाईंनी मान हलवली. त्या म्हणाल्या, वेळ वाढवून मागू, मी स्वतः मुख्याध्यापकांना भेटते. भाचीने सांगितलं की अर्ज करून झाला, नकारही आला. मग बाईंनी हळू आवाजात सांगितलं की ते सोडून काहीही सांग, ते माझ्या तोंडून पुन्हा निघणार नाही.

"तुझ्या तोंडून निघत नाही म्हणून माझी पोर नापास होऊ दे का?" भाचीचा आवाज चढला नव्हता. "एकदा तुझ्या शिकवण्याने तिचं नुकसान झालं. आता न शिकवण्याने करू नकोस. तुला पश्चात्ताप परवडतो, मावशी. मला नाही."

इतक्या वर्षांत तिने पहिल्यांदा उघड शब्दांत दोष दिला होता, आणि तोही काम करून घेण्यासाठी. नात दोघींच्या ओठांकडे आळीपाळीने बघत होती. तिला किती कळलं ते सांगता येत नव्हतं.

बाईंनी खुर्ची खिडकीकडे वळवली, म्हणजे आपल्या ओठांवर उजेड येईल. पुस्तकातला एक उतारा काढला, वरचा मजकूर तळहाताने झाकला आणि प्रश्नांवर पेन्सिल टेकवली.

"आधी हे वाच," त्या म्हणाल्या. मग शब्दाभोवती गोल कसा करायचा ते दाखवलं, टोक कसं न्यायचं ते दाखवलं, वाक्य कुठे थांबतं ते दाखवलं. पोर हुशार होती. पहिलं उत्तर तिने पटकन उचललं आणि दुसरंही. मग तिने पेन्सिल थांबवली, मधल्या न वाचलेल्या ओळींवरून बोट फिरवलं आणि आजीकडे बघून विचारलं, "आणि हे?"

भाची दाराकडे तोंड करून उभी होती.

"ते सोडून दे," बाई म्हणाल्या. ओठ अगदी सावकाश हलवून म्हणाल्या, पुन्हा सांगायची वेळ येऊ नये म्हणून.